जितं बी

"कणगीला हात नाय लावायचा," बाबा म्हणाले, आणि माझ्या हातातली कोयती काढून घेऊन त्यांनी ती पडवीच्या खुंटीला अडकवली.

पडवीत हसुरामकाका बसले होते. नारंगखारच्या बांध कमिटीचे ते पंच. मला दापोलीहून बोलावून घेतलं होतं ते त्यांनीच. मी तिथं कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. करत होते, विषय बीजशास्त्र. गावातून कॉलेजात गेलेली तोवरची मी एकटीच मुलगी. त्यामुळे हिला काहीतरी कळत असणार, असा काकांचा हिशोब.

"दामू, पोर मूठभर बी मागतंय. अख्खी कणगी नाय मागत," काका म्हणाले.

"मूठभर काढायला तोंड फोडावंच लागल ना?"

"मंग फोड."

बाबांनी पंचा खांद्यावर टाकला आणि बांधाच्या वाटेला लागले.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "रविवारी देवलात सह्या हायत, जयू. त्याच्या आत कायतरी कर."

झालं होतं ते असं. आदल्या श्रावणातल्या मोठ्या उधाणाला आमच्या समुद्रबांधाला खांड गेली. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. खाडीचं पाणी आत शिरलं ते महिनोन् महिने भरती-ओहोटीबरोबर शेतांतून ये-जा करत राहिलं. उभं भात कुजलं. दिवाळीनंतर गावानं, बायकांनी आणि पुरुषांनी रांगा लावून चिखलाचे गोळे हातोहात देत ती खांड बुजवली. पण खार जमिनीत उतरून बसला होता. वैशाखात शेतावर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुललं होतं. सोसायटीतून मिळणारं नवं भात या जमिनीत टिकणार नाही, हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. काही जणांनी फाल्गुनात कोपऱ्यात पेरून बघितलं होतं. ते उगवलंसुद्धा नाही.

तेवढ्यात कारखानीस नावाचे एक गृहस्थ गावात आले. त्यांना कोळंबीची तळी करायला जमीन हवी होती, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं आणि सगळी सलग. रविवारच्या सह्या त्याच पट्ट्याच्या कागदांवर व्हायच्या होत्या. माणूस गोड बोलायचा, कुणाला दमदाटी नाही. "जमीन मेलीच आहे तुमची," ते म्हणायचे, "मी फक्त तिच्यावर पाणी भरतो." पण तळी खणायची म्हणजे खारं पाणी मुद्दाम आत घ्यायचं आणि वर्षानुवर्षं साठवायचं. तळ्याचं पुन्हा शेत होत नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

हसुरामकाकांना आठवला तो राता. तांबड्या दाण्याचं जाडं भात. आमच्या आजोबांच्या काळी खाडीकाठच्या सगळ्या खारेपाटात तेच पिकायचं, कारण ते खाऱ्या पाण्याला दबत नसे. पुढे बांध पक्के झाले, पांढऱ्या तांदळाचं नवं बी आलं आणि राता मागे पडला. पिकतो कमी, शिजतो जाडा. बघता बघता गावातून त्याचं बीसुद्धा गेलं. उरलं होतं ते फक्त आमच्या माजघरातल्या एका कणगीत, वरून शेणमातीनं लिंपून बंद केलेलं. आणि त्याला पाच पावसाळे उलटून गेले होते.

"पाच वर्सांचं भात," काका म्हणाले होते. "रुजत घालून बघावं तर आठ-दहा दिस जातील. तवर सह्या होऊन जातील. कालिजात तुमी लवकर बघता ना?"

"दोन दिवसांत कळतं," मी म्हटलं होतं.

काकांच्या निरोपात बियाचं होतंच, म्हणून त्यासाठी लागणारं औषध मी येतानाच सरांकडून मागून आणलं होतं, काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीत. कॉलेजात ही तपासणी मी कितीदा केली होती. पण तिथलं बी पोत्यातून यायचं. त्यावर कुणाच्या घराचा जीव अडकलेला नसे.

मी बाबांच्या मागोमाग बांधावर गेले. ते बुजवलेल्या खांडीजवळ उभे होते. तिथली माती बाकी बांधापेक्षा वेगळ्या रंगाची दिसत होती.

"बाबा, तुम्हाला ही जमीन द्यायची आहे का?"

"नाय."

"मग बी का नाही देत?"

ते खाडीकडे वळले. ओहोटी होती, गाळ उघडा पडला होता.

"ती कणगी तुझ्या आयनं लिंपलेली हाय," ते म्हणाले.

मला ते माहीत होतं, पण इतक्या वर्षांत आमच्यात ते कुणी बोललं नव्हतं. गाव सगळं नव्या भाताकडे वळलं तरी आई दरवर्षी खाडीकडच्या शेवटच्या खाचरात राताच पेरायची. तिला पेज रात्याचीच लागायची, बाकी कारण काही नाही. त्या वर्षी तिनं भात झोडून, वाळवून कणगी भरली, तोंड लिंपलं, आणि त्याच हिवाळ्यात कावीळ झाली ती अंगावर काढून गेली. मी तेव्हा पेणला शिकत होते. घरी पोचले तेव्हा कणगीचं लिंपण नुकतं वाळलेलं होतं. त्यानंतर बाबांनी विकतचा तांदूळ खाल्ला, पण त्या कणगीला हात लावला नाही.

"उघडली आन सगलं मेलेलं निघालं तर?" बाबा म्हणाले.

"तर ते आजही मेलेलंच आहे, बाबा. आपल्याला ठाऊक नाही, एवढंच."

"ठाऊक नाय तेच बरं हाय मना."

दापोलीत राहून माझी बोली पुसट झाली होती आणि शिकलेले शब्द अशा वेळी कामाला येत नव्हते. मी परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर पडवीत सूप ठेवलेलं. त्यात दोन-तीन ओंजळी भात. बाबा शेजारी बसून विडी ओढत होते. कणगीचं तोंड तसंच होतं, अभंग. त्यांनी तळाशी, भिंतीकडच्या बाजूला, हात जाईल एवढं भोक पाडलं होतं आणि त्यात फडक्याचा बोळा कोंबला होता.

"चालल ना एवढं?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

मी भात चार वाट्यांत भिजत घातलं. एका वाटीत राता, विहिरीच्या गोड्या पाण्यात. एका वाटीत राता, आमच्याच शेताच्या चरातल्या खाऱ्या पाण्यात. उरलेल्या दोनांत तसंच, पण सोसायटीतून आणलेलं नवं बी. खाऱ्या पाण्यातल्या वाट्या मी जास्त वेळ ठेवणार होते, कारण मिठात बी जागं व्हायला वेळ घेतं.

गोड्या पाण्यातलं बी दुसऱ्या दिवशी सकाळी तयार झालं. मी पडवीत पाट घेऊन बसले तर ठमाकाकू येऊन उंबऱ्यावर टेकली. गावात सगळ्यांत खालचं शेत तिचं. खांड गेली तेव्हा पाणी पहिलं तिच्याकडे शिरलं होतं आणि निघालं सगळ्यांत शेवटी. नवरा मुंबईच्या गोदीत, शेत तीच करायची.

"काय करतंस गो?"

"बी कापतेय, काकू. मधोमध. आत हा टोकाला बारीक कोंब झोपलेला असतो ना, त्याचे दोन सारखे भाग झाले पाहिजेत."

"आन मंग?"

"बी जितं असलं की भिजल्याबरोबर श्वास घ्यायला लागतं. आपल्यासारखाच. दिसत नाही, पण आत काम सुरू होतं. हे औषध पाण्यासारखं आहे बघ, रंग नाही त्याला. पण ज्या जागी तो श्वास चालू असतो, तिथं जाऊन ते लाल होतं."

"आन मेलेलं असलं तर?"

"पांढरंच राहतं."

बाबा अंगणात जाळं विणत बसले होते. माझ्याकडे पाठ होती, पण हात चालत नव्हते.

"कापलं म्हंजे ते आता रुजनार नाय ना?" त्यांनी पाठीमागे न बघताच विचारलं.

"नाही, बाबा."

ते उठून घरात गेले. मला वाटलं, राग आला. थोड्या वेळानं ते बाहेर आले आणि त्यांनी माझ्या पाटावर कागदात गुंडाळलेलं दाढीचं नवं पातं ठेवलं.

"तुजं बोथट झालंय. चेंगरतंय बी."

मग ते तिथंच बसले. जाळं अंगणातच राहिलं.

कापलेले दाणे बशीत मांडून मी त्यांवर औषध ओतलं आणि बशा पत्र्याच्या पेटीत ठेवून झाकण लावलं. याला अंधार लागतो आणि ऊब लागते. ऊब आमच्या वैशाखात फुकट होती. दुपारी हसुरामकाका आले. सगळे पेटीभोवती बसले तेव्हा मी झाकण उघडलं.

आधी नव्या भाताची बशी. जवळजवळ सगळे कोंब एकसारखे गुलाबी. बी ताजं होतं, त्यात नवल नव्हतं.

मग रात्याची. मी भिंग डोळ्याला लावलं. पहिला दाणा पांढरा. दुसरा पांढरा. तिसऱ्याचा कोंब, नखाच्या टोकाएवढा, गुलाबी होता. मी मुद्दाम हळू बघत गेले. गुलाबी, पांढरा, लालभडक, गुलाबी, लालभडक.

"बाबा," मी म्हटलं, "जितं आहे."

त्यांनी भिंग घेतलं नाही. नुसतं वाकून बघितलं. मग म्हणाले, "किती?"

ठमाकाकूनं बशी स्वतःकडे ओढली होती. "गो बाय माजे! हे बग किती लालबुंद! हे तर समद्यांत जोरदार!" ती ज्या दाण्यांवर बोट ठेवत होती ते रक्तासारखे गडद लाल झाले होते.

"ते नाही, काकू," मला सांगावं लागलं. "ते आजारी आहेत."

"लाल हायत की!"

"फार लाल आहेत. धावून धावून धापा टाकणारा माणूस कसा भराभर श्वास घेतो, तसं आहे ते. आतलं फाटलंय, म्हणून औषध एवढं घुसलंय. त्यांतले बरेच मोड काढतील, पण रोप होणार नाही. चांगलं ते हे, फिकट गुलाबी. शांत आहे ना, ते."

"म्हंजे ती लाल गेली?" बाबांनी विचारलं.

"आज जिते आहेत. पण पेरणीच्या हिशोबात धरता येणार नाहीत."

मी फक्त गुलाबी दाणे मोजले. निम्म्याहूनही थोडे कमी भरले. काकांचा चेहरा उतरला.

"हे असं देवलात नको सांगू," ते हळू आवाजात म्हणाले. "लाल काय, गुलाबी काय, जितंच ना? समदं मिलून मोज. चारातले तीन वाटे जितं हाय म्हन. एकदा लोकांनी सही नाय केली म्हंजे झालं. पुडं बगू."

खरं सांगते, मलाही क्षणभर ते पटलं. लाल दाणे मिळवले तर आकडा झकास दिसत होता. आणि तो अगदीच खोटा होता असंही नाही. ते दाणे त्या क्षणी जिवंत होतेच की. कुणी भिंग घेऊन तपासायला येणार नव्हतं. मी बाबांकडे बघितलं.

बाबा म्हणाले, "नाय, हसुराम. जेवडं हाय तेवडंच सांगायचं. लोकं तिच्या सबुदावर पेरतील. उद्या निम्मं शेत उजाड रायलं तर शिव्या पोरीला नाय, बियाला बसतील. तिच्या आयच्या बियाला शिव्या नको मना."

इतकं लांब बोलणं बाबांच्या तोंडून मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

खाऱ्या पाण्यातल्या वाट्या अजून शिल्लक होत्या. ते दाणे मी रविवारी सकाळी कापले आणि औषधात घातले. सभा संध्याकाळी होती. पण सकाळीच निरोप आला की कारखानीससाहेब भरतीच्या पाण्यावर लाँचनं येताहेत, ओहोटी लागण्याआधी त्यांना परतायचंय, तेव्हा सगळ्यांनी दुपारीच देवळात जमावं.

"अजून रंग चढायचाय," मी म्हटलं.

"पेटी घे डोक्यावर," बाबा म्हणाले. "तिथं चढल."

"पण आत काय निघेल ते मला माहीत नाही, बाबा. आधी घरी उघडून बघू द्या."

"नको. जे निघल ते समद्यांसमोर निगू दे."

पेटी माझ्या डोक्यावर राहिलीच नाही. त्यांनीच ती उचलली आणि माझ्या पुढे चालू लागले.

देवळात सगळं गाव होतं. कारखानीस खुर्चीवर बसले होते, पुढ्यात कागद. हसुरामकाकांनी रात्याचं सांगितलं तशी कुजबुज झाली. कारखानीसांनी शांतपणे मला विचारलं, "तू दामूंची मुलगी ना? छान. मग सांग, तुझं हे बी किती टक्के आहे?"

"निम्म्याहून कमी," मी म्हटलं.

मागून कुणीतरी हसलं. कारखानीस हसले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. "आणि सोसायटीचं?"

"नव्वदाच्या वर."

"नव्वदाचं बी ज्या जमिनीत उगवलं नाही, तिथं निम्मं मेलेलं बी पेरायचं म्हणते ही मुलगी. मी काय बोलू?" ते लोकांना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काही चूक नव्हती.

"नव्वद आहे ते गोड्या पाण्यात," मी म्हटलं. "आपल्या शेतातल्या पाण्यात काय होतं ते या पेटीत आहे. मी अजून बघितलेलं नाही."

मी झाकण उघडलं.

नव्या भाताची बशी वर होती. भिंगाची गरजच पडली नाही. काल ज्या बियाचे कोंब एकसारखे गुलाबी झाले होते, त्याच बियाचे कोंब खाऱ्या पाण्यात भिजून फिक्कट, मातकट झाले होते, आणि जिथून मूळ फुटतं ते टोक पांढरंफटक. मूळच मेलं तर बाकीचं किती दिवस जगणार?

दुसरी बशी मी दोन्ही हातांनी उचलली. त्यातही पांढरे दाणे होते, पुष्कळ होते. पण जे रंगले होते ते टोकापासून टोकापर्यंत फिकट गुलाबी होते. मुळाचं टोकसुद्धा. आमच्याच शेताच्या खारात बुडून ते श्वास घेत होते. कालचा रंग आणि आजचा, मला फरक सापडेना.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी मोठ्यानं सांगेन. पण मी बशी आणि भिंग हसुरामकाकांच्या हातात दिली आणि एवढंच म्हटलं, "मुळाचं टोक बघा."

काकांनी बघितलं. त्यांनी ती पुढे दिली. बशी हातोहात फिरली, जसे खांडीवर चिखलाचे गोळे फिरले होते तशी. ज्यांना भिंग धरता येत नव्हतं त्यांना शेजारचा दाखवत होता. कारखानीसांनीही बघितलं, दोन्ही बशा, नीट वेळ घेऊन.

"हे मी पहिल्यांदा पाहतोय," ते म्हणाले. मग व्यवहारी माणसासारखं त्यांनी विचारलं, "सगळ्या गावाला पुरेल एवढं बी आहे?"

"नाही," मी म्हटलं. "एक कणगी आहे. त्यातलं निम्मं जितं. दुप्पट फेकावं लागेल. यंदा फार तर खालची पाच-सहा शेतं होतील. ते पीक कुणी खायचं नाही, सगळं बी म्हणून ठेवायचं. मग पुढच्या वर्षी गावाला पुरेल."

"आन आमी वरीसभर काय खायाचं?" धर्मा भोईर उठून म्हणाला. त्याचा प्रश्न रास्त होता.

उत्तर ठमाकाकूनं दिलं. "औंदा काय खाल्लंस? मिठागरावर गेलास, खाडीत गेलास, तेच खाल्लंस ना? आजून एक वरीस जा." ती उठून बाबांसमोर आली. "दामूदादा, माजं शेत समद्यांत खाली. खार समद्यांत जास्त. पयलं बी मना दे. तिथं जगलं तर कुठं पन जगल."

सगळे बाबांकडे बघत होते. कणगी त्यांची होती. मी मनात म्हटलं, तळाच्या भोकातून काढता येईल तेवढं ते देतील. त्याहून जास्त त्यांच्याकडे मागणं बरं नाही.

"समदं न्या," बाबा म्हणाले. "माज्या शेतात औंदा नको, माजं उंचावर हाय. ज्यांचं खाली त्यांनी वाटून घ्या."

"घरात थोडं ठेव, दामू," हसुरामकाका म्हणाले.

"ठेवून पाच वर्सं बगितलं. निम्मं मेलं," बाबा म्हणाले.

सह्या झाल्या नाहीत. सगळ्यांना पटलं असं नव्हे; धर्मा भोईर आणि आणखी दोघं-तिघं रागावून निघून गेले. पण कारखानीसांना सलग जमीन हवी होती, आणि मधली शेतं अडून बसली म्हणजे तळी होत नाहीत. त्यांनी कागद गोळा केले. निघताना मला म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा येईन. तुझं बी नापास झालं तर राग धरू नकोस." मी म्हटलं, "या."

त्या दिवशी घरी येऊन बाबांनी कोयती खुंटीवरून काढली आणि आईनं लिंपलेलं कणगीचं तोंड स्वतः फोडलं. मी मदतीला गेले नाही. ते त्यांचं काम होतं.

मृगाचं पाणी पडल्यावर आधी दोनदा शेतं धुऊन काढली, खार जेवढा जाईल तेवढा घालवला. मग रात्याला मोड आणून ते चिखलात फेकलं. लावणी केली नाही. खारात उपटलेलं रोप पुन्हा धरत नाही. मी दापोलीला परतले होते. श्रावणात हसुरामकाकांचं पोस्टकार्ड आलं की उगवण विरळ आहे, मधे मधे टक्कल आहे, पण आहे ते हिरवंगार आहे. भाद्रपदात मी स्वतः बघायला गेले. ठमाकाकूच्या शेतात भात गुडघ्याच्या वर आलं होतं. शेजारच्या, न पेरलेल्या तुकड्यात गवतसुद्धा नव्हतं. काकू पोटरीभर चिखलात उभी राहून मला हाका मारत होती, नुसतं माझं नाव, पुन्हा पुन्हा.

त्या वर्षी कुणी एक दाणा खाल्ला नाही. ज्यांनी रागावून देऊळ सोडलं होतं त्यांनाही पुढच्या हंगामात बी मिळालं. धर्माला तर ठमाकाकूनं स्वतः मोजून दिलं, तेही शिव्या देत. कारखानीस परत आले नाहीत. नारंगखारच्या खाली आजही तळी नाहीत, भात आहे. बांध तेवढा दर दोन-चार वर्षांनी कुठं ना कुठं खचतो आणि गाव तो पुन्हा घालतं.

एवढंच घडलं असतं तरी मी ते कुणाला सांगत बसले नसते. बी जगलं, पीक आलं. शेतीत असं होतं. मला आठवतो तो त्यानंतरचा एक दिवस.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. माझं शिक्षण संपलं होतं आणि नोकरीची वाट बघत मी घरी होते. खाडीपलीकडच्या बोरखाडी गावचा बांध त्या पावसाळ्यात फुटला होता. पौषात एका सकाळी तिकडचे चार जण होडी घेऊन आले. त्यांना रात्याचं बी हवं होतं. आमच्याकडे दोन कणग्या भरलेल्या होत्या. बाबांनी किंमत विचारू दिली नाही. पोती भरून दिली, होडीपर्यंत स्वतः वाहून नेली.

त्यांच्यातला म्हातारा बी हातात घेऊन बघत होता. त्यानं दाण्याला दात लावला, वास घेतला आणि म्हणाला, "दामूशेट, वाईट वाटून घेऊ नको. पन हे उगवल याची खातरी काय?"

बाबा मागे वळले. मी बांधावर उभी होते.

"जयू, तुजी पेटी आन," ते म्हणाले. मग म्हाताऱ्याला म्हणाले, "बी नेता तर हिला पन न्या. तुमच्या शेताच्या पान्यात घालून ती बगंल. निम्मं मेलंय म्हनाली तर निम्मं मेलंय समजा, भांडू नका. पन जितं हाय म्हनाली, तर डोले मिटून पेरा."

म्हाताऱ्यानं मला नीट बघितलं आणि होडीत बसायला जागा केली. पुढची सगळी वर्षं मी बियाणं तपासण्यातच काढली. मोठ्या प्रयोगशाळांमध्ये, मोठ्या यंत्रांवर काम केलं, माणसांनी पुष्कळ चांगलं म्हटलं. पण माझ्या कामाबद्दल जे काही बोललं गेलं त्यात खाडीच्या चिखलात गुडघाभर उभं राहून बाबांनी परक्या गावच्या माणसाला दिलेल्या त्या शब्दाच्या जवळपास जाणारं मी कधी ऐकलं नाही.

मी पेटी घेऊन आले. बाबांनी होडी ढकलली. भरती नुकती लागत होती, आम्हाला वेळ लागला नाही.